चार प्रकृती, एक चूल

ताई, उत्तराआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही फोंड्याच्या, वय ४३, नोकरीला रोज बसने पणजी. मोबाइलवर वीस प्रश्नांची चाचणी सोडवलीत, उत्तर आलं 'वात-पित्त'. सोबत तक्ता आला: सोलां (आमसुलं) बंद, चिंच बंद, मासळी बंद, उकडे तांदूळ बंद, ताकसुद्धा बंद; त्याऐवजी किन्वा, अ‍ॅव्होकॅडो, ऑलिव्हचं तेल आणि बदामाचं दूध. यजमान 'कफ' निघाले. त्यांना भात पूर्ण बंद आणि सकाळी उकळत्या पाण्यात मध-लिंबू. त्यांना सहा वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सोळा वर्षांची मुलगी 'पित्त', तोंडावर मुरुमं. आणि ७६ वर्षांच्या सासूबाईंनी चाचणी द्यायलाच नकार दिला, दहा वाजता नेहमीसारख्या पेज घेऊन बसल्या. तुम्ही विचारता, चाचणी खरी का, घरात तीन-चार वेगळे स्वयंपाक करायचे का, आणि मासळीबरोबर सोलकढी विरुद्ध आहार, म्हणजे एकत्र खाऊ नये अशी जोडी, आहे का.

सासूबाईंनी बरोबर केलं. बाकीचं आता सविस्तर सांगतो.

२०२४ च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने प्रकृती परीक्षणाचं देशव्यापी अभियान काढलं आणि एक कोटीहून जास्त लोकांची प्रकृती मोबाइलवर नोंदवली गेली. तेव्हापासून माझ्याकडे येणारा पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच "वैद्यानू, मी पित्ताची" असं सांगतो. लोकांना प्रकृती हा शब्द कळला, हे चांगलंच झालं. पण शब्द कळला की काम झालं असं वाटायला लागतं, तिथे घोटाळा आहे. प्रकृती म्हणजे गर्भ राहताना ठरलेला तुमचा पिंड. तो जन्मभर साधारण तसाच राहतो. आज जे बिघडलंय ती विकृती. चाचणीत तुम्ही "त्वचा कोरडी", "झोप मोडते", "पोट साफ होत नाही", "छातीत जळजळ" यांवर खुणा केल्या असणार. ही सगळी तुमची गेल्या दोन-तीन वर्षांची अवस्था आहे. चाचणीने विकृती मोजली आणि तिला प्रकृतीचं नाव दिलं.

मी प्रकृती बघतो तेव्हा पाऊण तास जातो, आणि त्यातला बराचसा वेळ पेशंटच्या आईशी नाहीतर मोठ्या बहिणीशी बोलण्यात जातो. लहानपणी अंग कसं होतं, विसाव्या वर्षी वजन किती, परीक्षेच्या काळात भूक मरायची की जास्त लागायची, घामाला वास यायचा का, रागावल्यावर बोलणं थांबायचं की वाढायचं. मग सांधे, नखं, दात, केस, चालणं, बोलण्याचा वेग. एवढं करूनही दोन वैद्यांचं एकमत होईलच असं नाही. बहुतेक माणसं वात, पित्त, कफ यांपैकी दोन दोषांची निघतात, आणि त्यातला कोणता पुढे हे ठरवताना माझीही चूक होते.

चुकीवरून आठवलं, सांगूनच टाकतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षिका यायच्या. केस गळणं, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठ, थकवा. मी वात धरला. तूप, तीळतेलाचा अभ्यंग (मालिश), गरम-स्निग्ध आहार, सगळं यथासांग तीन महिने. त्वचा थोडी सुधारली, पण बाई उलट जाड आणि सुस्त होत चालल्या. शेवटी रक्ततपासणी करून घेतली तर थायरॉइड पार मंदावलेलं. तीन महिने त्यांचे फुकट गेले, माझ्यामुळे. म्हणून तुम्हालाही सांगतो: वय ४३, कोरडेपणा, झोप मोडणं, पाळी पुढेमागे होत असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतही नेमकी हीच लक्षणं असतात. तपासणी केल्याने आयुर्वेद कमी होत नाही.

आता मुद्द्याचं. काय खावं हे ठरवताना चरकसंहितेत आठ गोष्टी बघायला सांगितल्यात: पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर केलेला संस्कार, कशाबरोबर खाल्लं, किती खाल्लं, कुठल्या प्रदेशात, कुठल्या काळात, कसं खाल्लं, आणि शेवटी खाणारा कोण. गंमत अशी की या यादीत पहिलाच शब्द 'प्रकृती' आहे, पण तो पदार्थाच्या प्रकृतीबद्दल आहे, माणसाच्या नाही. माणूस आठवा. तक्तेवाले आठव्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

माझा क्रम असा आहे. आधी अग्नी, मग देश आणि ऋतू, मग वय आणि आजार, आणि या सगळ्यानंतर प्रकृती.

अग्नी म्हणजे पचनशक्ती, आणि ती ओळखायला वैद्य लागत नाही. भूक रोज साधारण एकाच वेळी लागते, जेवल्यावर दोन-तीन तासांत पोट हलकं होतं, सकाळी पोट विनासायास साफ होतं, तर अग्नी सम. एक दिवस अकराला पोटात कावळे आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजेपर्यंत भुकेचा पत्ता नाही, संध्याकाळी पोट फुगतं, तर विषम. भूक आवरत नाही, जेवण लांबलं की डोकं दुखतं, जळजळ होते, तर तीक्ष्ण. सकाळी उठल्यावर कालचं जेवण अजून वरच आहे असं वाटतं, जिभेवर पांढरा थर, तर मंद.

तुम्ही लिहिलेली दिनचर्या बघा. साडेसहाला चहा आणि दोन खारी, साडेसातची बस, अकराला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा आणि मिरची भजी, दोन-अडीचला डबा, घरी सात, जेवण साडेनऊ-दहा, पावणेअकराला आडव्या. त्या डब्यात उकडा भात असो की किन्वा, रात्री बारा वाजता आंबट ढेकर येणारच. ताई, याला प्रकृती काय करणार? कफाच्या माणसाला या वेळापत्रकावर ठेवलं तर वर्षभरात त्याचीही चाचणी 'वात-पित्त' दाखवेल. पहिलं काम, रात्रीचं जेवण आठला आणा आणि हलकं ठेवा. जड जेवायचं ते दुपारी. दुसरं, अकराच्या भजीच्या जागी पेज.

पेजेवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तक्त्याने नेमकी तीच बंद केली आहे.

चरकसंहितेत कुठल्या प्रदेशाच्या लोकांना काय सात्म्य, म्हणजे अंगवळणी पडून हितकर झालेलं, याची यादी आहे. पूर्वेकडच्यांना मासे, सिंधकडच्यांना दूध, अवंतीकडच्यांना तेल आणि आंबट, आणि दक्षिणेकडच्यांना पेया. ही पेया म्हणजे आपली पेजच. लंघनानंतर (उपासानंतर) किंवा पंचकर्मानंतर अग्नी परत पेटवण्यासाठी जो क्रम सांगितलाय त्यात आधी मंड, मग पेया, मग विलेपी. मंड म्हणजे वरची निवळ. पेया म्हणजे पाणी जास्त, शितं कमी. विलेपी म्हणजे चमच्याला चिकटेल एवढी दाट, जिला आपल्याकडे आटवल म्हणतात. तापातून उठलेल्या माणसाला गोव्यातली कोणतीही आजी याच क्रमाने जेवण देते. तिने संहिता वाचलेली नसते.

उकडा तांदूळ सालासकट उकडतात, वाळवतात आणि मग भरडतात. उकडताना सालाखालची काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पांढऱ्या सुरय तांदळात ती कांडताना निघून जातात. त्यातही लालसर उकडा मिळाला तर तो घ्या; तांदळात लाल साळ श्रेष्ठ, असं ग्रंथांचंही मत आहे. पेज करताना माझा आग्रह एकच, कुकर नको. मूठभर तांदूळ धुऊन जाड बुडाच्या टोपात, भरपूर पाणी, मंद आच. दाणा फुटून पोटातून कापूस दिसायला लागला, पाणी दुधट झालं की मीठ घाला आणि झाकून ठेवा. सकाळी थर्मासात भरलीत तर अकराला ऑफिसात कोमट मिळते. बरोबर मुगाची सुकी उसळ किंवा आदल्या दिवशीची अळसांद्याची (गोव्याकडच्या चवळीची) भाजी. कैरीचं खारं लोणचं, चेपणीचं तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी), सुका बांगडा यांतलं काहीतरी हवंसं वाटणार, चवीपुरतं घ्या. रक्तदाब असलेल्यांनी मात्र तोंडी लावायला खारं नकोच. पेजेने सहसा कुणाचं बिघडत नाही, बिघडतं ते बाजूच्या मिठाने.

आता देश. चरकाने आनूप देशाचं वर्णन केलंय: नारळ-केळींची दाट बनं, नद्या, समुद्रकाठ, वारा. वाचताना मला दरवेळी आपलं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) दिसतं. अशा प्रदेशात वात आणि कफ वाढायची प्रवृत्ती असते, हवा ओली, अन्न पचायला वेळ. म्हणून इथल्या स्वयंपाकात तिरफळ, मिरी, आलं, हिंग, आमसूल यांचा हात सढळ आहे. राजस्थानात किंवा कॅलिफोर्नियात बसून केलेल्या तक्त्याला हे कसं कळणार? अ‍ॅव्होकॅडो वाईट नाही. पण तुमच्या दारच्या नारळात तोच गोड, स्निग्ध, थंड गुण असताना त्यासाठी पैसे का घालवायचे?

आणखी एक गोष्ट. तक्त्यात मिरची, टोमॅटो, बटाटा, काजू यांच्यापुढे 'पित्त वाढवतो', 'वात वाढवतो' असं ठासून लिहिलेलं असतं, जणू जुन्या ग्रंथकार वाग्भटाने स्वतः सांगितलंय. यातली एकही वस्तू संहितांना माहीत नव्हती. ती सगळी अमेरिका खंडातली. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती इकडे पोचली. त्यांचे गुण नंतरच्या वैद्यांनी रस आणि परिणाम बघून ठरवले, आणि ते योग्यच आहे. मिरची तिखट आणि उष्ण, यात वाद नाही. काजूचं कवच फोडताना उडणाऱ्या तेलाने हात भाजतो आणि बिब्ब्याचं तेलही तसंच भाजतं, दोन्ही एकाच कुळातले. तेव्हा काजू जपून खा, असा अंदाज वैद्याने बांधला तर त्यात अर्थ आहे. पण तो अंदाजच असतो. शरीराने कौल दिला तर तो अंदाजापेक्षा मोठा.

मासळीचंही तेच. सुश्रुतसंहितेत समुद्रातले मासे पचायला जड, स्निग्ध, गोड आणि फारसे पित्तकर नसलेले सांगितलेत. म्हणजे तुमची जळजळ बांगड्याने होत नाही, बांगड्याच्या पोटात भरलेल्या रेशाद मसाल्याने होते. व्हिनेगर, ढीगभर सुकी मिरची, वर रवा लावून तळण. आंबट-तीक या कालवणाचं तर नावच आपली ओळख करून देतं. तोच बांगडा नारळाच्या रसात, चार मिरच्या कमी करून, तिरफळं ठेचून घातलेल्या हुमणात, म्हणजे मासळीच्या कालवणात, खा. एका पेशंटला मी हा एवढाच बदल सांगितला होता. त्याची अँटासिडची बाटली महिनाभरात कपाटात गेली. प्रत्येकाचं असं होत नाही. ज्याची जळजळ यानेही थांबत नाही, वजन उतरतंय, गिळताना अडकतं किंवा शौच काळं होतं, त्याने आहाराचे प्रयोग बंद करून एंडोस्कोपी करून घ्यावी.

सोलकढीचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. विरुद्ध सांगितलंय ते मासे आणि दूध. दूध म्हणजे गाई-म्हशीचं. नारळाच्या रसाला आपण दूध म्हणतो म्हणून तो दूध होत नाही. नाहीतर गोव्यातलं प्रत्येक हुमण विरुद्ध ठरेल. मासळी जेवून सोलकढी प्या, खुशाल. खरी खोट वेगळीच आहे. हॉटेलात मासळीचं ताट रिचवून वर सेराडुरा (क्रीम-बिस्किटांचं गोड) किंवा आइस्क्रीम मागवतात ना, तिथे मासे आणि दुधाची गाठ पडते, आणि पोटाला ते जड जातंच. यावरून एक सांगावंसं वाटतं. विरुद्ध आहाराने त्वचेचे विकार होतात असं ग्रंथ म्हणतात, म्हणून हे एकत्र टाळा असं मी सांगतो. पण मासे-दुधाने कोड येतं याला आधुनिक त्वचारोगशास्त्राला आधार सापडलेला नाही. कोड असलेल्या कुणालाही "तू काय खाल्लं होतंस" असं विचारू नका. ती माणसं आधीच पुष्कळ ऐकत असतात.

आमसुलाबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की ग्रंथ आणि परंपरा इथे सरळ जुळत नाहीत. आमसूल म्हणजे वृक्षाम्ल धरलं तर ते उष्ण, रूक्ष, वात-कफावर चांगलं असं लिहिलंय. आणि आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, उन्हाळ्यात कोकम सरबत थंड म्हणून पितात. मी पेशंटकडे बघून ठरवतो. नारळाच्या रसातली पातळ सोलकढी बहुतेकांना सोसते. नुसतं आंबट तिवळ (नारळाशिवायचं आमसुलाचं पाणी) रिकाम्या पोटी घेतलं की ज्यांना जळजळ आहे त्यांची वाढते. तुम्ही जेवणासोबत अर्धी वाटी घ्या आणि दोन तासांनी काय होतं ते बघा.

यजमानांच्या तक्त्यावर मला राग आला, तो लपवत नाही. उकळत्या पाण्यात मध हे आयुर्वेदाच्या नावाने सांगितलं जातं, आणि मध गरम करू नये, गरम पदार्थाबरोबर घेऊ नये, हे संहितांनी जितक्या ठामपणे सांगितलंय तितक्या ठामपणे फार थोड्या गोष्टी सांगितल्यात. एका कपाने कुणी मरत नाही. पण त्यांना मधुमेह आहे, आणि मध ही साखरच. रोज सकाळी चमचाभर साखर औषध म्हणून घेणं कशाला? दुसरं त्याहून गंभीर. गोळ्या चालू असताना भात एका दिवसात बंद केला आणि गोळी तेवढीच राहिली तर काही गोळ्यांनी साखर एकदम खाली जाते. हाताला थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर ताबडतोब साखर किंवा गूळ द्यायचा, आणि नंतर त्यांच्या डॉक्टरांना सांगायचं. भात कमी करायचा तोसुद्धा डॉक्टरांशी बोलून. प्रकृतीनुसार आहार घेतल्याने मधुमेह मुळापासून जातो असं मी कुणाला सांगत नाही, आणि सांगणाऱ्यापासून दूर राहा.

त्यांच्यासाठी वेगळा टोप नको. पानाची मांडणी बदला. आपल्याकडे आधी भाताचा डोंगर रचतात आणि कडेला भाजीचा डाग. त्यांना आधी भाजी आणि मासळी किंवा कडधान्याचं तोंडाक (रस्सा) वाढा, भात शेवटी, एक डाव मोजून. रात्री भाताऐवजी नाचण्याची भाकरी एक. कुळथाचं सार त्यांना मानवेल. कुळीथ उष्ण, कफ-वात कमी करणारा. तेच सार तुम्ही ऑक्टोबरच्या उन्हात प्यायलात तर जळजळ वाढेल, म्हणून तुम्ही त्या दिवशी मुगाचं कढण घ्या. तळलेल्या इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) हुमणातले तारले (सार्डिन) बरे, आणि स्वस्तही. पोदेराकडची (पाववाल्याकडची) कोंड्याची पोळी मैद्याच्या उंड्यापेक्षा (गोल पावापेक्षा) चांगली. पण चांगली म्हणून तीन खायच्या नाहीत. आणि जेवल्यावर दुपारची झोप. रविवारी गोव्यात हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, तरी सांगतो, कफाच्या माणसाला ती झोप भातापेक्षा जास्त नडते.

मुलीचं थोडक्यात. सोळाव्या वर्षी मुरुमं येतात, त्यात पित्तापेक्षा वयाचा वाटा मोठा. रात्री दही बंद करा, त्याऐवजी दुपारी ताक; दही उष्ण आणि स्रोत (शरीरातले मार्ग) चिकट करणारं, थंड नव्हे. पाकिटातले चिप्स आणि गोड पेयं कमी. झोप अकराच्या आत. तिला तक्ता देऊ नका. या वयात "हे बंद, ते बंद" ऐकलेल्या मुली जेवणच टाकायला लागतात, आणि ते दुरुस्त करायला मुरुमांपेक्षा फार जास्त वेळ लागतो.

सासूबाईंची मला खरी काळजी आहे, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत. म्हातारपणात प्रकृती कोणतीही असो, वात वाढतो; भूक कमी, तोंड कोरडं, दात नाहीत. अशा वेळी माणूस नुसत्या पेजेवर येतो आणि वर्षभरात अंगावरचं मांस उतरतं. पेज चालू ठेवा, पण तिला बळ द्या. आटवल करून चमचाभर तूप, मुगाचं कढण, मऊ शिजलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा, चालत असेल तर अंडं. त्यांचं शिवराक (शाकाहार) असेल त्या दिवशी मुगागाठी (मोडाच्या मुगांचं कालवण) मऊ करून. वजन महिन्यातून एकदा बघा. तीन महिन्यांत तीन-चार किलो उतरलं तर पेज-कढणाने भागणार नाही, तपासणी हवी.

म्हणजे चूल एकच. सगळ्यांचा तोच उकडा भात, तेच हुमण किंवा तोंडाक, तीच भाजी. मिरची वाटताना निम्मी करा आणि ज्याला हवं त्याने वरून मिरीपूड किंवा फोडणीची मिरची घ्यावी. तूप सासूबाईंना आणि तुम्हाला, यजमानांना अर्धा चमचा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर नारळही हात आखडून. तुम्हा चौघांच्या प्रकृतीतला फरक एवढ्यात मावतो.

प्रकृतीपेक्षा जास्त फरक ऋतूने पडतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत अग्नी सगळ्यांचाच मंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मग श्रावण. पोटाला आपोआप विसावा मिळतो. मात्र त्याच काळात सुक्या मासळीचं मीठ पोटात जातं, तिथे यजमानांनी सांभाळायचं. पहिल्या पावसाने उगवलेल्या तायकिळ्याची (टाकळ्याची) कोवळी पानं, फणसाच्या बिया आणि थोडं खोबरं घालून केलेली भाजी आठवड्यातून एकदा सगळ्यांनी खावी. टाकळा हलका आणि उष्ण, ओल्या हवेला उतारा. पाणी उकळून. जुने तांदूळ पावसात, नवे शक्यतो थंडीत. नवा तांदूळ जड असतो.

पाऊस सरला की ऑक्टोबरचं ऊन पडतं आणि साठलेलं पित्त उसळतं. तुमचा त्रास दरवर्षी चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) वाढतो असं तुम्हीच लिहिलंय, आणि मला ते वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही. या महिन्यांत कारलं, पडवळ, दुधी, मूग, तूप, शहाळं. दही, आंबट आणि तळण कमी. शहाळं मात्र मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फोव (पोहे) खायचे, ही आपली रीत शरद ऋतूत अगदी जागेवर बसते. ताकातले फोव तुम्ही थोडेच खा, नारळाच्या रसातले हवे तेवढे.

नीट प्रकृती परीक्षण करून घ्यायचंच असेल तर शिरोड्याच्या गोमंतक आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्रही डिसेंबर २०२२ पासून आहे. जाताना पंधरा दिवसांची एक वही घेऊन जा. त्यात पदार्थ कमी लिहिलेत तरी चालेल. भूक कधी लागली, जेवलात कधी, दोन तासांनी पोट कसं होतं, झोप कधी लागली आणि सकाळी शौचाला कसं झालं, एवढं रोज लिहा. तपासणीचे कागद बरोबर ठेवा.

आणि आज संध्याकाळी सासूबाईंना एक विचारा. त्यांच्या सासरी बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला पहिल्या दिवशी काय द्यायचे, दुसऱ्या दिवशी काय, आणि मासळी कितव्या दिवशी सुरू करायचे. त्या सांगतील ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मग माझ्याकडे या किंवा शिरोड्याला जा. मला तरी ते पान बघायला आवडेल.